१०० लिटर रसाची काकवी: भांडं कसलं घ्यावं आणि जाळ कशाचा?

पाचट_पलूस
रामराम मंडळी. पलूस तालुक्यात आमचा ऊस आहे, को ८६०३२ जातीचा. सगळा कारखान्याला जातो. यंदा थोडा बाजूला ठेवून घरच्या घरी काकवी करायचा विचार चाललाय. गुऱ्हाळ टाकायचं नाही, तेवढी माणसं नाहीत आणि जागाही नाही. रसवंतीवाल्याचा जुना चरक मिळालाय, मोटर बसवून झाली. एका वेळी १०० लिटर रस काढायचा, आटवायचा, बाटल्या भरायच्या. पाहुण्यांना पुरून उरलं तर विकू.

अडलंय भांड्यावर. ऑनलाइन एक पातेलं बघितलं. १५० लिटरचं, स्टीलचं, जाड बुडाचं, उंच, खाली कॉक, अंगावर थर्मामीटर. परदेशात घरी बिअर करणारे वापरतात म्हणे. दिसायला एकदम खासा माल. हे घेऊ का? आणि गॅसवर ठेवू, चुलीवर ठेवू, का हीटर टाकू? अनुभवी लोकांनी सांगा.

कंदीपेढा
एवढे पैसे पातेल्यात घालण्याआधी कराडकडं बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील (रस आटवायची मोठी पसरट कढई) मिळते का बघ. भंगारात जातायत.

पाचट_पलूस
काहील बघितली दादा. हजार लिटरच्या आसपासची असते. १०० लिटर रस घातला तर तळाशी डबकं दिसेल.

मिरजेचा_मिशिगनात
घरी बिअर करणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून लिहितो. गाव मिरज, सध्या मुक्काम मिशिगन. तुम्ही म्हणता तसल्या उंच पातेल्यातच मी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, रस उकळतो.

ते पातेलं चांगलं असतं, पण ते *उकळायचं* भांडं आहे. तुमचं काम *आटवायचं* आहे. भांड्याचा आकार, बूड, जाळ, सगळं या फरकावर ठरतं.

बिअरमध्ये साधारण असं असतं: ६५ लिटर रस, तासभर खळखळ उकळी, त्यात हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुलं). तासाभरात १० टक्क्यांच्या आसपास पाणी उडतं आणि तेवढंच उडावं अशी अपेक्षा असते. जास्त आटला तर हिशोब चुकतो. म्हणून भांडं उंच ठेवतात, रुंदीपेक्षा उंची थोडी जास्त. उकळी फुटताना प्रथिनांचा फेस एकदम वर येतो, त्यासाठी वर पाव ते तिसरा हिस्सा रिकामा लागतो. ६० लिटरच्या बॅचला लोक ७५ ते ९५ लिटरचं पातेलं घेतात ते याच कारणानं. झाकण मात्र उघडं ठेवायचं. माल्टमधून एक गंधकयुक्त पदार्थ वाफेबरोबर जावा लागतो, कोंडला तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

आता तुमचं गणित. रस १९ ब्रिक्सचा धरा, म्हणजे शंभर किलो रसात विरघळलेलं १९ किलो. १०० लिटर म्हणजे साधारण १०८ किलो, त्यात साखर वगैरे विरघळलेलं २० किलोच्या आसपास. काकवी ७२ ब्रिक्सला उतरवली तर हातात येणार २८ किलो. म्हणजे ८० किलो पाणी वाफ करून उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात. रस २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायची उष्णता त्यात मिळवा. बेरीज २०८ मेगाज्यूल, विजेच्या भाषेत ५८ युनिट. आणि हे निव्वळ रसात गेलेलं, वाया गेलेलं वेगळं.

माझ्या ६५ लिटर बिअरला ७ युनिट पुरतात. १०० लिटर केली तरी ११ च्या आत. तुमचं काम पाचपट मोठं आहे.

जाळधूर
एवढं मेगाज्यूल कशाला राव. आमच्याकडं सांगतात, रस चौथाईवर आला की काकवी. बास. 😄 पण आकडा बरोबर आहे, १०८ चे २८.

पाचट_पलूस
५८ युनिट!! मग हीटरचं काय? ३ किलोवॅटचा एक पडून आहे.

मिरजेचा_मिशिगनात
३ किलोवॅटवर १९ तास. रस काढल्यावर दोन-तीन तासांत उकळीला लागला नाही तर आंबायला लागतो, साखर फुटायला लागते. तो हीटर सोडून द्या. इथं बिअरवाले २४० व्होल्टवर ५,५०० वॅटचा लांबलचक घडीचा हीटर पातेल्यात बुडवतात. लांब अशासाठी की तेवढीच उष्णता जास्त पत्र्यावर पसरावी आणि रस करपू नये. पण माल्टचा रस शेवटपर्यंत पातळच राहतो. काकवी शेवटच्या तासात घट्ट होते, घट्ट पाक हीटरला चिकटून काळा पडतो, आणि तो कडवटपणा अख्ख्या बॅचला लागतो.

बोरगावकर
शिवाय शेतीपंपाच्या कनेक्शनवर असलं काही जोडायचं नसतं. आणि थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. अर्ध्या पाकात लाईट गेली तर काय करणार?

जाळधूर
चुलीवर करा. रस काढून उरलेलं चिपाड फुकट आहे.

तासगावची_लेक
दादा, गॅसला किती लागेल ते कुणी सांगेल का? आम्ही बेदाण्याच्या शेडवर चहाला मोठी शेगडी लावतो, तिच्यावर होईल का बघत होते.

मिरजेचा_मिशिगनात
ताई, एलपीजीच्या एका किलोत ४६ मेगाज्यूल. उघड्या शेगडीवर त्यातली निम्मी उष्णता भांड्याला मिळाली तरी पुष्कळ, बाकी बाजूनं निघून जाते. म्हणजे १०० लिटर रसाला ९ ते १० किलो गॅस. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरमध्ये दोन बॅचेस. २० किलोवॅटची भट्टी असेल तर सहा तास. घरगुती सिलिंडर या कामाला लावू नका, कायद्यानं चालत नाही.

आणखी एक. मोठी भट्टी सलग चालली की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो, कधी बर्फही. आतला गॅस द्रवातून उडताना सिलिंडरचीच उष्णता घेतो, मग दाब उतरतो आणि जाळ पिवळा, मऊ होतो. उसाचा हंगाम थंडीतला, पहाटे हे हमखास होतं. उपाय म्हणजे दोन सिलिंडर एका मॅनिफोल्डला (सामायिक नळीला) जोडायचे. सिलिंडरखाली जाळ करणं किंवा त्यावर उकळतं पाणी ओतणं असले उद्योग कुणी सांगितले तरी करायचे नाहीत. आणि भट्टी बंद खोलीत लावायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कंदीपेढा
१० किलो गॅस जाळून २८ किलो काकवी. परवडायला दर चांगला लावावा लागेल भाऊ.

चरणचा_अण्णा
गुऱ्हाळावर उमेदीची वर्षं घालवलेली आहेत म्हणून चार ओळी.

पोरांनो, काहील रुंद का, याचं कारण लोक सांगतात ‘वाफ जास्त उडते’. तसं नाही. जाळाला बूड जास्त मिळतं हे खरं कारण. चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर, काहील बसवली की कडेनं मातीनं लिंपून घेतात, एक फट ठेवत नाहीत. जाळ सगळा बुडाखालून फिरून धुराड्यात जातो. लिंपण फुटलेलं चुलवाण दुप्पट चिपाड खातं. चांगल्या चुलवाणात ज्या उसाचा रस त्याच उसाच्या चिपाडावर आधण (काहिलीची एक खेप) निघतं. पण चिपाड वाळलेलं पाहिजे. आज गाळलेलं आज जाळायला गेलात तर धूरच धूर. म्हणून पहिल्या दिवशी लाकूड नाहीतर पाचट हाताशी ठेवा.

मळी काढायला विसरू नका. रस तापायला लागला की वर हिरवट-करडी साय धरते. उकळी फुटायच्या आधी भेंडीचा चिकट घालायचा. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात चोळली की तार सुटते, ते पाणी. सगळी घाण त्यात गुंडाळून वर येते. झाऱ्यानं काढत राहायचं. एकदा खळखळ उकळी लागली की मळी परत रसात मोडते, मग कितीही गाळा. रस फार आंबूस वाटला तर चुन्याची निवळी, पण बेतानं. निवळी जास्त झाली की काकवी काळी पडते.

मिरजेचा_मिशिगनात
अण्णांनी बुडाचं सांगितलं ते सोळा आणे खरं. उकळी चालू असताना किती पाणी उडणार हे आत किती उष्णता जाते त्यावर ठरतं, वरचं तोंड किती मोठं यावर नाही. पाचट_पलूस बघत होते त्या पातेल्याचा व्यास ५७ सेंटिमीटरच्या आसपास असणार, म्हणजे बूड पाव चौरस मीटर. तेच १२० बाय ७५ सेंटिमीटरचा ट्रे घेतला तर ०.९ चौरस मीटर, साडेतीन पट. त्यात १०० लिटर रस जेमतेम ११ सेंटिमीटर उभा राहतो. तेवढाच जाळ मोठ्या पत्र्यावर पसरला की करपायचं भय तेवढं कमी.

पण ट्रेची एक अडचण आहे. शेवटी काकवी उरणार साधारण २१ लिटर. एवढ्या मोठ्या सपाट बुडावर ती दोन-अडीच सेंटिमीटरचा पातळ थर होऊन पसरते. एका कोपऱ्यात जाळ वाढला की संपलं. काहील मधे खोलगट असते, उरलेला पाक आपसूक मध्याला गोळा होतो. जुन्या लोकांनी ती उगाच तशी केलेली नाही.

इथं मिशिगनला मेपलचं सिरप करतात. झाडाचा रस २ टक्के गोड, ४० लिटर आटवून एक लिटर. हे लोक दोन भांडी ठेवतात. मोठ्या सपाट ट्रेमध्ये लाकडाच्या जाळावर बहुतेक पाणी उडवायचं आणि शेवटचा टप्पा लहान, जाड बुडाच्या भांड्यात गॅसवर. माझं मत विचाराल तर तुम्हीही हेच करा. लाकडाचा जाळ पाहिजे त्या क्षणी बंद करता येत नाही, गॅसची चावी फिरवता येते. ८० पैकी ६०-६५ किलो पाणी फुकटच्या चिपाडावर उडालं तर गॅस दीड-दोन किलोवर निभावतो.

पाचट_पलूस
हे पटलं. म्हणजे बिअरचं पातेलं बाद?

मिरजेचा_मिशिगनात
१५० लिटरचं बाद. ४०-५० लिटरचं, जाड बुडाचं, शेवटच्या टप्प्याला झकास. पण उंच नको, पसरट बघा.

वाळवा_एक्सप्रेस
विषय निघालाच आहे तर… त्याच पातेल्यात हळूच बिअर पण जमेल का हो? 😉 बार्ली आणतो मी.

बोरगावकर
हळूच वगैरे काही नसतं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. घरी पिण्यापुरती म्हटलं तरी सूट नाही.

मिरजेचा_मिशिगनात
बरोबर. इथंही १९७८ च्या कायद्यापर्यंत घरची बिअर बेकायदाच होती. आता एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा, विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपीत तर २०१३ पर्यंत बंदी होती. वाळवेकर, तुम्ही काकवीच प्या.

अजिंक्यताऱ्याखाली
साताऱ्याहून लिहितेय. मी आलेपाक आणि आवळ्याचं सिरप करते, थोड्या प्रमाणावर. थर्मामीटरबद्दल सांगायचं होतं, कारण त्यात बरेच जण फसतात.

पुस्तकात लिहिलेलं असतं की काकवी १०५-१०६ अंशांना उतरवा, गूळ ११६-११८ ला. ते आकडे समुद्रसपाटीचे. साताऱ्याची उंची सव्वासातशे मीटरच्या पुढं, इथं पाणीच साडेसत्त्याण्णवला उकळतं. महाबळेश्वरला तर ९६ च्याही खाली. इथं १०६ ची वाट बघत बसलं तर काकवी ठरल्यापेक्षा घट्ट होते, बाटलीतून उतरत नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरनं आधी साधं पाणी उकळून आकडा बघायचा आणि त्यावर साडेपाच-सहा अंश धरायचे. असं केलं की थर्मामीटर एखाद्या अंशानं खोटा असला तरी चालतो.

पातेल्याच्या अंगावर बसवलेल्या थर्मामीटरवर माझा भरवसा नाही. शेवटी पाक खाली जातो आणि दांडी वर हवेत लटकते.

मिरजेचा_मिशिगनात
ताई, एक नंबर. मेपलवाले हेच करतात, पाण्याच्या उकळीवर ४ अंश. त्यांचं सिरप ६७ ब्रिक्सच्या आसपास असतं म्हणून ४. सांगली-पलूसला पाणी ९८ च्या थोडं वर उकळेल, म्हणजे १०४ च्या आसपास हात तयार ठेवायचा.

चरणचा_अण्णा
आम्ही कधी थर्मामीटर लावला नाही. आधी फेस मोठा, पांढुरका, खळाळ आवाज. मग फेस बसतो, रंग सोन्यासारखा होतो, बुडबुडे जाड आणि सावकाश, एकेक फुटताना ‘गुबुक’ असा आवाज. फावड्यावरनं पाक सोडला की आधी थेंब थेंब पडतो, नंतर दोन थेंब मिळून एक पडदा होऊन सुटतो. पडदा दिसला की काकवी. त्याच्या पुढं गेलात की गूळ.
पण नवख्यानं थर्मामीटर लावावा, ताईंचं खरं आहे.

फेस वर चढला तर चार थेंब शेंगतेल टाका, लगेच बसतो. भांड्याचा काठ रसाच्या वर निदान हातभर तरी ठेवा.

पाचट_पलूस
पत्रा कुठला सांगू? कुपवाडला एमआयडीसीत एकजण ट्रे करून देतो म्हणतोय. तो म्हणे ‘फूड ग्रेड आहे, लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही’.

टिग_टॉर्च
फॅब्रिकेशन माझा धंदा, म्हणून स्पष्ट लिहितो. चुंबक न चिकटणं याला काही अर्थ नाही. स्टीलच्या २०२ या हलक्या प्रकाराला पण चिकटत नाही आणि ३०४ या चांगल्या प्रकाराला पण नाही. उलट ३०४ चा पत्रा वाकवला, ठोकला की त्या कडेला थोडा चिकटतो. २०२ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त. भंगारवाल्यांकडे मँगनीज तपासायचं औषध असतं, एक थेंब आणि बॅटरी लावली की २०२ वर लाल होतो. नाहीतर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि बिलावर ‘३०४’ लिहून घ्या.

जाडी १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटर. त्याखाली नको, जाळावर पत्रा फुगतो आणि उंचवट्यावर रस पातळ होऊन करपतो. स्टील उष्णता पसरवण्यात फार मागं. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या दहापटीपेक्षा जास्त, तांबं वीसपटीपेक्षा जास्त. तळाला आडवी पट्टी मारून घ्या. जोड आर्गॉन वेल्डिंगनं, आतून घासून गुळगुळीत. खाच राहिली की तिथं साखर अडकते, आधी जळते आणि पुढच्या खेपेला आंबते.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं कुणी सुचवलं तर हात जोडा. उसाचा रस आंबट असतो, जस्त रसात उतरतं. तांब्याचं भांडं असेल तर कल्हई लावूनच.

जाळधूर
लोखंडी काहिलीत पिढ्यान् पिढ्या गूळ झालाय की.

टिग_टॉर्च
झालाय आणि चांगला झालाय. पण गुऱ्हाळ हंगामभर रोज चालतं, काहील कोरडी राहत नाही. यांचं आठवड्यातून एकदा चालणार. मधे लोखंड गंजणार, पहिला तास खरडण्यातच जाईल.

तासगावची_लेक
विकायची असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या. ऑनलाइन होते, छोट्या धंद्याला फार कागद लागत नाहीत.

चरणचा_अण्णा
आणि उसाचं बघा. ८६०३२ चालतो, वाईट नाही. गुळाला को ९२००५ आणि कोसी ६७१ जास्त चांगले, रंग उघडा येतो. बियाणं पाहिजे असेल तर पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात किंवा कोल्हापूरच्या गूळ संशोधन केंद्रात विचारा. तोडायच्या आधी पंधरवडाभर पाणी तोडा. खारवट रानातला ऊस घेऊ नका, काकवी खारट लागते आणि त्याला भांडं काही करू शकत नाही.

पाचट_पलूस
ठरलं मग. १२० बाय ७५ चा ट्रे, ३०४, १४ गेज, काठ ४५ सेंटिमीटर. खाली विटांचं चुलवाण आणि मागं धुराडं, अण्णा सांगतील तसं लिंपून. शेवटाला ५० लिटरचं पसरट पातेलं गॅसवर. एकच शंका राहिली. ट्रेमधला पाक पातेल्यात घ्यायचा कसा? चाळीसेक किलो भरेल, दोघांनी उचलला तरी चटका बसायची भीती.

टिग_टॉर्च
उचलायचा विचारच करू नका, उकळता पाक अंगाला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. ट्रेला एका कोपऱ्याकडं बोटभर उतार द्या आणि त्या कोपऱ्यात दीड इंची कॉक. अर्ध्या इंचीतून घट्ट पाक येणारच नाही. कॉक चुलवाणाच्या भिंतीच्या बाहेर आला पाहिजे, जाळावर राहिला तर आतलं टेफ्लॉनचं सील जाईल. सुट्टा होणारा, क्लॅम्पचा घ्या, दर खेपेला खोलून धुता येतो. पातेलं खाली ठेवता येईल एवढी चुलवाणाची उंची आधीच धरा, नंतर जमिनीत खड्डा काढत बसावं लागतं.

चरणचा_अण्णा
आणि ट्रे रिकामा व्हायच्या आत जाळ ओढा. नाहीतर रिकाम्या पत्र्याखाली जाळ चालू राहतो. राहिलेल्या पाकावर लगेच बादलीभर रस नाहीतर पाणी ओता. चुलवाण लिंपायला या रविवारी येतो, पलूसला मेहुण्याकडं काम आहेच. पांढरी माती आणि शेण आणून ठेव.